ग्रंथाला आधी बोलू द्यावे : समूहात बायबल शिकण्याची रीत

आळंदी हे गाव इंद्रायणीच्या काठी वसलेले आहे. एका बाजूला पिंपरी-चिंचवडचे महानगर, दुसऱ्या बाजूला चाकणची औद्योगिक वसाहत आणि मध्ये संत ज्ञानेश्वरांची समाधी. येथे कार्तिकात ज्ञानेश्वरीची पारायणे होतात. शेकडो माणसे मांडीवर ग्रंथ घेऊन एका सुरात ओव्या वाचतात. ज्याला अक्षरओळख नाही, तो शेजाऱ्याचा आवाज ऐकत बसतो. पवित्र ग्रंथ एकट्याने नव्हे, तर चारचौघांनी मिळून वाचावा, ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकवावी लागली नाही.

ह्याच पट्ट्यात कामधंद्यानिमित्त आलेली ख्रिस्ती कुटुंबेही राहतात. कोणी अहिल्यानगर जिल्ह्यातून, कोणी मराठवाड्यातून, कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, तर कोणी केरळ, तामिळनाडू किंवा झारखंडमधून आलेले असते. अशा आठ-दहा कुटुंबांनी कोणाच्या तरी घरी जमून बायबल वाचावयाचे ठरविले, तर नेमके काय करावे? वाचन म्हणजे काय, अभ्यास म्हणजे काय, प्रार्थना म्हणजे काय? गटप्रमुखाचे काम कोणते? वाचताना चुका कोठे होतात? ह्या प्रश्नांची उत्तरे व्यवस्थित मांडावीत, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आळंदीकडून घ्यावयाचा एक धडा

संत ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवासे येथे गीतेवरील आपली टीका सांगितली. गीतेचे सातशे श्लोक संस्कृतात होते. ज्यांना संस्कृत येत नव्हते त्यांच्यासाठी ते सुमारे नऊ हजार मराठी ओव्यांत उलगडले गेले. ज्ञानेश्वर व त्यांची भावंडे संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत झालेली होती. धर्मग्रंथाचे दार ज्यांच्यासाठी बंद होते, त्यांच्यातीलच एकाने ते लोकभाषेत उघडले. १२९६ साली त्यांनी आळंदीस समाधी घेतली.

पुढे सुमारे तीनशे वर्षांत ह्या ग्रंथाच्या नकलांवर नकला झाल्या. प्रत्येक नकलेत काही गळाले, काही वाढले. कोणी शब्द बदलले, तर कोणी स्वतःच्या ओव्या घुसडल्या. संत एकनाथांनी आळंदीस येऊन समाधीचे दर्शन घेतले, निरनिराळ्या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हे काम संपविताना त्यांनी वाचकांस एक इशारा दिला : ह्या ग्रंथात कोणीही आपली ओवी घालू नये.

हा इशारा बायबलच्या अभ्यासकालाही तंतोतंत लागू पडतो. बायबलच्या प्रकटीकरण ह्या अखेरच्या पुस्तकातही (२२:१८-१९) ग्रंथात भर घालणाऱ्यास आणि त्यातून काही काढून टाकणाऱ्यास सावध केलेले आहे. आज छापील पुस्तकात कोणी नवे वचन लिहीत नाही. परंतु वाचता वाचता मनातल्या मनात आपण ते लिहीतच असतो. जे वचनात नाही ते त्यात आहे असे समजतो, जे आहे ते आपल्याला अडचणीचे वाटले की पुढे जातो. समूहात बायबल शिकणे म्हणजे मुख्यतः ही सवय मोडणे होय. आधी ग्रंथाला बोलू द्यावे. आपली ओवी त्यात घालू नये.

आळंदीनेच दाखविलेली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पारायण निराळे आणि अध्ययन निराळे. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, ती कीर्तनकारांनी ग्रंथ रीतसर शिकून मग बोलावे म्हणून. त्यांचे शिष्य प्राचार्य सोनोपंत दांडेकर ह्यांनी पुढे अर्थासह ज्ञानेश्वरी संपादित केली. भक्ती आहे म्हणून अभ्यासाची गरज नाही, असे ह्या परंपरेने कधी मानले नाही. आपणही मानू नये.

बायबलमधील सामूहिक वाचन

समूहाने वाचणे आणि कोणीतरी अर्थ उलगडून सांगणे, ही रीत बायबलमध्येच आढळते. तीन उतारे विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला नहेम्याच्या आठव्या अध्यायातील. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेममध्ये जमतात आणि एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. ऐकणाऱ्यांत पुरुष आहेत, स्त्रिया आहेत आणि समजण्याइतके वय झालेले सर्व जण आहेत. लेवी लोक केवळ वाचून थांबत नाहीत. लोकांना कळेल अशा रीतीने अर्थ सांगतात.

दुसरा प्रेषितांच्या कृत्यांतील (८:२६-४०). इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक मोठ्याने वाचत आहे. फिलिप त्याच्याजवळ जातो आणि उपदेश न करता प्रथम विचारतो की वाचता ते कळते का. त्या अधिकाऱ्याचे उत्तर प्रांजळ आहे : कोणी वाट दाखविल्यावाचून कसे कळणार? मग फिलिप रथात त्याच्या शेजारी बसतो. चांगल्या गटप्रमुखाचे चित्र ह्याहून नेमके सापडणार नाही. तो आधी विचारतो, मग शेजारी बसतो आणि शेवटी बोलतो.

तिसरा लूककृत शुभवर्तमानातील अम्माऊसचा प्रसंग (२४:१३-३५). दोन निराश शिष्य चालत आहेत. पुनरुत्थित ख्रिस्त अनोळखी वाटसरू होऊन त्यांच्याबरोबर चालतो, त्यांचे दुःख ऐकून घेतो, शास्त्रलेख उलगडतो आणि अखेर भाकर मोडताना त्यांना त्याची ओळख पटते. शास्त्रवाचनाचा शेवट प्रभूभोजनात आणि बांधवांकडे परत जाण्यात होतो, हे येथे दिसते.

मराठी भाषेत देवशब्द

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टी भागात त्यांनी अनेक वर्षे सेवा केली. येथील नवख्रिस्ती लोकांना आपल्या पूर्वीच्या पुराणांची आठवण येत असे. त्यांच्या हाती द्यावयास मराठीत काही नव्हते. ह्या उणिवेतून ‘ख्रिस्तपुराण’ जन्मास आले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात जुना करार आणि दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र अशी त्याची मांडणी आहे. त्यात श्रोते शंका विचारतात आणि पाद्री गुरू उत्तरे देतात. म्हणजे मराठीतील ह्या पहिल्या मोठ्या ख्रिस्ती ग्रंथाचा साचाच प्रश्नोत्तरांचा आहे. पुढे १६८४ साली गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने लोकभाषा सोडून देण्याचा हुकूम काढला. भाषा हिरावली की देवशब्दही दूर जातो, हे त्या इतिहासातून शिकावे.

आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांचे कार्यही कृतज्ञतेने आठवावे लागते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, खेड्यातील साध्या स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. १९२२ साली, मृत्यूच्या थोडेच आधी, त्यांनी तो पूर्ण केला. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांच्या हातून तो छापला जाऊन १९२४ साली बाहेर आला. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना साहित्य अकादमीचा २०१३ सालचा पुरस्कार लाभला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूच्या घरी गेले.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी ‘देई वेर्बुम’ हा दैवी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. पवित्र शास्त्राचे दार सर्व श्रद्धावंतांना सताड उघडे असावे, चांगले अनुवाद व्हावेत आणि वाचनास प्रार्थनेची जोड असावी, असे त्यात सांगितले आहे. त्याच दस्तऐवजाच्या १२ व्या परिच्छेदात अर्थ लावण्याचे नियम आहेत. ते थोडक्यात असे : लेखकाला काय सांगावयाचे होते ते शोधावे, उतारा कोणत्या प्रकारचा आहे, म्हणजे इतिहास, काव्य, दाखला, पत्र की भविष्यवाणी, ते ओळखावे, संपूर्ण शास्त्राची एकात्मता आणि ख्रिस्तसभेची जिवंत परंपरा ध्यानात ठेवावी.

१९६९ साली उपासनेसाठी नवा वाचनग्रंथ आला. रविवारच्या मिस्सेतील वाचने त्यामुळे तीन वर्षांच्या चक्रात बसविली गेली आणि बायबलचा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा भाग लोकांच्या कानी पडू लागला. परमधर्मपीठाच्या बायबल आयोगाने १९९३ साली अर्थबोधाविषयी एक सविस्तर दस्तऐवज दिला. काळ, भाषा व लेखनप्रकार ह्यांचा विचार न करता अक्षरास चिकटून राहणारे वाचन घातक आहे, असा स्पष्ट इशारा त्यात आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांचे ‘वेर्बुम दोमिनी’ (२०१०) आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९ साली सुरू केलेला ‘देवशब्दाचा रविवार’ ही त्यापुढची पावले होत. सामान्य काळातील तिसऱ्या रविवारी तो पाळला जातो.

एक व्यावहारिक मुद्दा येथेच सांगितलेला बरा. कॅथोलिक बायबलमध्ये जुन्या कराराची ४६ आणि नव्या कराराची २७, अशी एकूण ७३ पुस्तके आहेत. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ आहेत. तोबित, ज्ञानग्रंथ, मक्काबी इत्यादी पुस्तके त्यात नसतात. गटात निरनिराळ्या आवृत्त्या असतील तर हा फरक पहिल्याच दिवशी समजावून द्यावा, म्हणजे पुढे गैरसमज होत नाहीत.

सात पायऱ्यांची पद्धत

लहान ख्रिस्ती समूहांत सर्वाधिक रूढ झालेली पद्धत दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेत तयार झाली. ओसवाल्ड हिर्मर आणि फ्रिट्झ लोबिंगर हे दोन धर्मगुरू, जे पुढे बिशप झाले, तिच्याशी निगडित होते. १९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथे आशियातील बिशपांच्या महासंघाची सभा झाली. ख्रिस्तसभा ही लहान लहान समुदायांचा समुदाय व्हावी, असा विचार तेथे मांडला गेला आणि त्यानंतर ही पद्धत आशियात अनेक ठिकाणी पोहोचली. तिच्या पायऱ्या अशा :

१. प्रभूला बोलावणे. कोणीतरी साध्या शब्दांत प्रार्थना करतो.

२. उतारा वाचणे. एक जण मोठ्याने व सावकाश वाचतो. मग दुसरा पुन्हा वाचतो.

३. शब्दांपाशी थांबणे. ज्याला जो शब्द किंवा वाक्यांश भिडला, तो त्याने उच्चारावा. स्पष्टीकरण देऊ नये.

४. मौन. तीन-चार मिनिटे कोणीही बोलत नाही.

५. सांगणे व ऐकणे. मनाला काय स्पर्शून गेले ते सांगावे. येथे वादविवाद नाही, प्रवचनही नाही.

६. काम ठरविणे. ह्या वचनाच्या प्रकाशात आपल्या गटाने ह्या आठवड्यात काय करावे?

७. प्रार्थनेने समारोप.

ही पद्धत प्रार्थनेची आहे. अभ्यास तिच्यात गृहीत धरलेला नाही. म्हणून पुष्कळ गटांनी दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटांचा अभ्यास घालावा, असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला : उताऱ्यात नेमके काय लिहिले आहे? दुसरा : ज्यांच्यासाठी हे प्रथम लिहिले गेले, त्यांना त्याचा काय अर्थ कळला असेल? तिसरा : आज ते आपल्याला काय सांगते? ह्यांचा क्रम बदलू नये. बहुतेक चुका तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ केल्याने होतात.

पहिले उदाहरण : द्राक्षमळ्यातील कामकरी

मत्तयकृत शुभवर्तमानातील (२०:१-१६) हा दाखला औद्योगिक पट्ट्यातील गटाने अवश्य घ्यावा. सकाळी मजूर नाक्यावर डबा घेऊन उभे राहणे आणि कोणी कामावर नेईल का म्हणून वाट पाहणे, हे ह्या भागातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

पहिला प्रश्न : काय लिहिले आहे? मळ्याचा धनी पहाटे बाहेर पडतो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला. आजच्या घड्याळाप्रमाणे सकाळचे नऊ, दुपारचे बारा, तीन आणि सायंकाळचे पाच. पहिल्या मजुरांशी एका दिनाराचा करार होतो. तो एका दिवसाची नेहमीची मजुरी होती. नऊ वाजता घेतलेल्यांना ‘योग्य ते देईन’ अशा अर्थाचे आश्वासन मिळते. सायंकाळी पाचला घेतलेल्यांशी धनी मजुरीची गोष्टच काढीत नाही. संध्याकाळी शेवटी आलेल्यांना प्रथम पैसे दिले जातात, आणि सर्वांना सारखेच.

येथे गटात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पाच वाजेपर्यंत रिकामे उभे होते, म्हणजे आळशीच असणार.’ गटप्रमुखाने एवढेच विचारावे, की हे कोणत्या वचनात आहे? पुन्हा वाचून पाहिले की कळते, त्या माणसांनी कारण सांगितले आहे : आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. आळशीपणाचा शब्द ग्रंथातला नव्हता; तो आपला होता. एकनाथांनी ज्या घुसडलेल्या ओवीपासून सावध केले, ती हीच. ती सापडली की गटात थोडी शांतता पसरते. बसलेल्यांपैकी एखाद्याला स्वतःला कधीतरी दिवसभर उभे राहून हात हलवीत घरी जावे लागलेले असते, आणि तो इतका वेळ गप्प बसून हे ऐकत असतो.

दुसरा प्रश्न : पहिल्या श्रोत्यांना काय कळले असेल? मागचा अध्याय उघडावा. पेत्राने येशूला विचारले आहे की आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार (१९:२७). दाखला हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि पहिले व शेवटले ह्यांविषयीचे एकच वचन दाखल्याच्या आधी (१९:३०) आणि शेवटी (२०:१६) येते. त्याशिवाय, यहूदी श्रोत्यांना नियमशास्त्र ठाऊक होते : मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नये (लेवीय १९:१३), सूर्यास्तापूर्वी ती द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर अवलंबून आहे (अनुवाद २४:१४-१५). दाखल्यातील धनी संध्याकाळ होताच मजुरी देतो. तो नियम मोडीत नाही. नियम पाळून त्यापलीकडे जातो.

तिसरा प्रश्न : आज काय? हा दाखला मजुरीचे दरपत्रक नव्हे. देवाच्या राज्यात कृपा मोजून मिळत नाही, हे तो सांगतो. तरीसुद्धा आपल्या पैशाचे आपण वाटेल ते करू शकतो, असे म्हणून कमी मजुरी देणाऱ्याला त्यात आधार सापडत नाही. धन्याने कोणाचेही कमी केले नाही. ज्याचे घर एका दिनारावाचून चालणार नव्हते, त्याला तो दिला. अडविलेल्या मजुरीविषयी याकोबाचे पत्र (५:४) किती कठोर बोलते, हे ह्याच बैठकीत वाचावे. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ ह्या परिपत्रकात कुटुंबाच्या निर्वाहाला पुरेशा न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला, तो ह्याच शास्त्रपरंपरेत बसतो. सहाव्या पायरीवर मग गटाला काम शोधावे लागत नाही. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, सोसायटीचा राखणदार, ओळखीतील कंत्राटी कामगार ह्यांचा महिना वेळेवर होतो का, एवढे पाहिले तरी आरंभ झाला.

दुसरे उदाहरण : भिंतीवरचे वचन

अनेक ख्रिस्ती घरांत यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील ११ वे वचन भिंतीवर लावलेले असते. देवाच्या मनात आपल्याविषयी अहिताचे नव्हे तर हिताचे संकल्प आहेत, असे ते सांगते. मुलाखतीला जाताना, परीक्षेच्या दिवशी, दवाखान्यात ते आठवले जाते. त्यात गैर काही नाही. पण गटाने एकदा त्याच्या मागचे-पुढचे वाचावे.

हे वचन एका पत्रातील आहे. इसवी सनापूर्वी ५९७ साली बाबेलच्या राजाने यरुशलेममधील पुष्कळ लोक बंदी करून नेले. त्यांना यिर्मयाने हे पत्र धाडले. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व ठीक होईल असे सांगत होता (अध्याय २८), आणि लोकांना ते ऐकावयास आवडत होते. यिर्मया सांगतो की सत्तर वर्षे लागतील (२९:१०). म्हणजे पत्र हाती पडलेल्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तोवर काय करावयाचे? घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याच्या हितातच तुमचे हित आहे (२९:५-७).

गाव सोडून चाकण, भोसरी किंवा आळंदीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला हे पत्र जणू स्वतःलाच आले आहे असे वाटते. ‘आपण येथे तात्पुरते आहोत’ असे म्हणत त्याची पंधरा वर्षे गेलेली असतात. शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते, मतदारयादीत नाव नसते. यिर्मया त्याला लवकर परतशील असे वचन देत नाही. तो म्हणतो, ह्या नगराला आपले म्हण. भिंतीवरचे एकटे वचन दिलासा देते. पूर्ण पत्र दिलाशाबरोबर कामही देते. संदर्भ पाहिल्याने वचनाचा आधार कमी होत नाही, उलट तो भक्कम होतो, हे गटाला येथे अनुभवाने कळते.

गटप्रमुख आणि सभासद

गटप्रमुख विद्वान असला पाहिजे असे नाही. त्याने तयारी केलेली असली पाहिजे. उतारा दोन अनुवादांत वाचावा, तळटिपा व समांतर संदर्भ पाहावेत, अडेल तेथे आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना किंवा धर्मभगिनींना विचारावे. बैठकीत ‘मला माहीत नाही, पुढच्या वेळी विचारून सांगतो’ असे म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी असावे. पुढील गोष्टींकडे त्याने लक्ष द्यावे.

बैठक सव्वा तासापेक्षा अधिक लांबवू नये. कारखान्यात पाळ्या असतात. रात्रपाळीला जावयाचा माणूस मध्येच उठून गेला तर त्यास दोष देऊ नये, आणि शक्य असल्यास महिन्यातून एकदा त्यांच्या सोयीची वेळ धरावी.

एकानेच बोलत राहू नये. ज्याला बोलण्याची हौस आहे त्याला वाचन द्यावे, आणि जो गप्प असतो त्याला नावाने पण हळुवारपणे विचारावे. घरची बाई चहा करण्यात अडकली असेल तर तिच्यासाठी थांबावे. चहा वाचनानंतर झाला तरी चालतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना कमी लेखू नये. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींतील बहुसंख्य लोकांनी देवशब्द कानांनीच ऐकला होता. अशांना उतारा ऐकून स्वतःच्या शब्दांत सांगावयास द्यावा. काय वगळले गेले आणि काय वाढविले गेले हे त्यातून साऱ्यांनाच लक्षात येते.

भाषेचा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवावा. गटात तीन मातृभाषा असतील तर उतारा तिन्हींत वाचावा. एखादा शब्द दुसऱ्या भाषेत निराळा आला की तेथेच अभ्यासाला तोंड फुटते.

वचनाचा उपयोग घरातील किंवा शेजारच्या माणसाला टोचण्यासाठी करू नये. सुनेला ऐकविण्यासाठी सासूने वाचलेले वचन हे वाचन नव्हे. आपले दुःख कोणी गटात सांगितले, तर ते गटातच राहावे.

शेजाऱ्यांच्या सहवासात

आळंदीसारख्या ठिकाणी बायबल वाचणाऱ्यांनी आणखी एका मोहापासून सांभाळावे : आपला ग्रंथ मोठा ठरविण्यासाठी दुसऱ्याचा लहान करणे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ ह्या घोषणेत इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा आदर करावयास शिकविले आहे. पुणे परिसरात ह्या आदराची परंपरा आहे. येशूसंघीय फादर गी देल्युरी ह्यांनी विठ्ठलसंप्रदायाचा अभ्यास केला आणि तो १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुणे धर्मप्रांताचे माजी बिशप थॉमस डाबरे ह्यांनी आपल्या संशोधनासाठी संत तुकारामांचा देवानुभव हा विषय निवडला होता. ह्या दोघांनाही शेजाऱ्याचा ग्रंथ मन लावून वाचल्याने आपली श्रद्धा उणी झाली असे वाटले नाही.

जो गट बायबलचे एक वचन त्याच्या संदर्भात, धीराने, आपले काही न घुसडता वाचावयास शिकतो, तो हळूहळू माणसांचे बोलणेही तसेच ऐकू लागतो. नवरा-बायको, शेजारी, पाळीवरचा सहकारी काय म्हणतो ते पुरते ऐकून घेण्याआधी त्याला काय म्हणावयाचे असेल ते आपणच ठरवून टाकतो. आपली ओवी तेथेही घुसते. म्हणून बायबलचा गट किती उतारे वाचून झाले ह्यावर मोजू नये. नाक्यावर सायंकाळी पाचपर्यंत उभ्या राहिलेल्या माणसाला आळशी म्हणण्याआधी तो काय सांगतो ते ऐकण्याइतके आपण थांबलो का, हे वर्षाच्या अखेरीस प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

आरंभ करावयाचा असेल तर मोठ्या योजनेची गरज नाही. येत्या रविवारच्या मिस्सेतील शुभवर्तमानाचा उतारा घ्यावा. शेजारच्या दोन घरांना बोलवावे. उतारा दोनदा वाचावा, काही काळ गप्प बसावे आणि मग एकमेकांस फिलिपाने विचारला तो साधा प्रश्न विचारावा : आपण वाचले ते आपल्याला कळले का?